पंखाच्या घडीतला डाग

१

चारशे किलोमीटर उंचीवर फाटलेल्या पंखाची चौकशी विमा कंपनीनं ज्या माणसाकडे सोपवली, त्यानं त्याआधी सर्वांत उंचावर केलेली चौकशी म्हणजे पोलादपूरच्या डोंगरात वीज पडून मेलेली म्हैस. सयाजी मोरे, विमा सर्व्हेअर, महाड. पुरात बुडालेली दुकानं, घाटात कलंडलेले ट्रक आणि संशयास्पद वेळी जळालेली गोदामं यांत त्यांची हयात गेली होती. अवकाशाचा विभाग त्यांच्याकडे आला तो गुणवत्तेवर नव्हे, पत्त्यावर. पंख महाडच्या एमआयडीसीत बनला होता आणि मुंबईच्या साहेबांना महाडमधला एकच माणूस ठाऊक होता.

"मोरे, काम झाल्यातच जमा आहे," साहेब फोनवर म्हणाले. "कामगारानं चूक कबूल केलीय. तुम्ही जाऊन या आणि सोमवारी अहवाल पाठवा."

सोबत एक चित्रफीत आली होती. परदेशी कंपनीचं अवकाश स्थानक, त्याला सूर्यावर वीज करणारे लांबलचक पंख. नवा पंख भजनी मंडळाच्या पेटीच्या भात्यासारखा घड्या घालून वर गेला होता. वर तो उलगडायला घेतला, तशी खालच्या कोपऱ्यातली एक घडी चिकटून राहिली आणि ओढ बसून पंख फाटला. मग पांढऱ्या पोशाखातला एक माणूस लांब यांत्रिक हाताच्या टोकाला स्वतःला बांधून बाहेर पडला. पंखावर ऊन होतं आणि ऊन आहे तोवर पंखातली वीज बंद करता येत नाही, म्हणून त्याच्या हत्यारांचं सगळं लोखंड चिकटपट्टीनं गुंडाळलेलं होतं. त्यानं पातळ पात्यानं ती घडी सोडवली आणि फाटलेल्या जागी पट्टे ओढून बांधले. मध्येच एक झटका बसला. पातं त्याच्या हातमोज्याला लागलं. तो क्षणभर थांबला, हात डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि पुन्हा कामाला लागला.

सयाजींना घाम फुटला. ते पुरते जमिनीवर, आपल्या खुर्चीत बसलेले होते.

घडी सुटली तिथं एक डाग दिसला. बोराएवढा, गोल. फीत थांबवून सयाजींनी भिंग लावलं. कबुलीजबाबात लिहिलं होतं, 'माझ्या हातून गोंदाचा थेंब सांडला.' खाली सही, ओंकार जाधव.

डाग मात्र काळाकुळकुळीत होता.

२

कारखान्याला काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव होतं, पण बिरवाडीत त्याला सगळे 'पंखवाली कंपनी' म्हणत. सुपरवायझर राजेश मुंबईहून आलेला. महाडात आपण तात्पुरते आहोत हे तो गेली काही वर्षं सर्वांना सांगत होता.

"सर, केस क्लोज आहे," तो म्हणाला. "बंदा खुद बोलला, माझी मिस्टेक. नोकरी गेली, गावाला गेला. अजून काय पायजे?"

"तो गोंद बघायचा होता."

राजेशनं काचेवर थेंब टाकून दाखवला. पाण्यासारखा स्वच्छ. शेजारी जुना, सुकलेला थेंब होता, तोही तसाच, फक्त बोटाला रबरासारखा लागणारा.

"हा काळा पडतो?"

"नाय. पण सर, स्पेसमध्ये काय पण होतं."

आपल्या अनुभवात हे वाक्य घाटाबद्दल, पुराबद्दल आणि सरकारी दवाखान्याबद्दल म्हटलं जाई, हे सयाजींनी मनात नोंदवलं.

तपासणीचं काम रेश्माकडे होतं. ही बिरवाडीचीच मुलगी. बोलताना दाराकडे बघत होती.

"गोंदाचं काम घटस्थापनेच्या आधीच संपलं होतं, सर. मग मी एकेक घडी दिवा धरून पाहिली. डाग नव्हता."

"मग तुमचा सहकारी खोटं बोलतोय."

"हो."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

तिचा चेहरा उतरला. "बोलले ना. राजेशसर म्हणाले, मग तूच बघायला चुकलीस असं लिहू का? तोवर ओंकारनं सही केली होती. मी त्याला म्हटलं, अरे वेडा आहेस का, तर म्हणाला, तू यात पडू नकोस गो." ती थांबली. "आणि मी नाही पडले."

सयाजींची नजर तिच्या काजळाकडे गेली. तिनं ती पकडली.

"पंखाच्या खोलीत जाताना पुसते, सर. दाराशी त्यासाठीच आरसा आहे. राजेशसरांचं काळं मार्करसुद्धा बाहेर ठेवून घेतात."

"पंख पेटीत बंद कधी झाला?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. मध्ये सुट्ट्याच होत्या. खोली एकदाच उघडली."

"केव्हा?"

रेश्मानं आवाज खाली आणला. "खंडेनवमीला. त्या दिवशी अर्धी बिरवाडी आत येऊन गेली."

३

कारखान्याच्या मालकीणबाई, इंजिनिअर प्रियदर्शिनी, पन्नाशीच्या होत्या. परदेशी कंपनीनं पुढचं काम थांबवल्यापासून त्या कोणाच्याही प्रश्नाला आधी "बरोबर आहे" म्हणत आणि मग उत्तर देत.

"बरोबर आहे. खोली मी उघडायला लावली. खंडेनवमीला सगळ्या एमआयडीसीत यंत्रांची पूजा असते. आमच्याकडे हळदकुंकू काचेच्या बाहेरच्या बाहेर, फुलं तर फाटकाशीच. पण पोरं म्हणाली, बाई, आम्ही काय बनवतो ते घरी कोणाला कळत नाही. आमच्या लोकांना वाटतं आम्ही छताचे पंखे बनवतो." त्या किंचित हसल्या. "मला त्याचं फार वाईट वाटलं. मग सगळ्यांना टोप्या, झगे आणि हातमोजे घालून आत सोडलं. पंख अर्धा उलगडून ठेवला होता. काय सांगू, त्या बायकांनी त्याला नमस्कार केले. आमच्या ऑडिटरनं कधी केला नाही."

"कोणी हात लावला?"

"राजेश उभा होता. सगळ्यांना हातमोजे होते."

"कोणाकोणाच्या घरची माणसं आली होती?"

"रेश्माचे आईवडील, माझ्या सासूबाई, झाडून सगळी बिरवाडीचीच माणसं. आणि ओंकारची आई, थेट कुडपणवरून. राजेशच्या घरचं कोणी आलं नाही, त्यांना महाड लांब पडतं."

सयाजींनी छापलेलं चित्र पुढं सरकवलं. "बाई, हा डाग नीट बघा. समोरच्या बाजूला नाही, खालच्या कोपऱ्यात, घडीच्या आत आहे. सांडलेला थेंब ओघळतो. हा ओघळलेला नाही, टेकवलेला आहे. ज्यानं टेकवला त्याला तो कोणाला दिसायला नको होता."

"घातपात?"

"घातपात करणारा मधोमध करील. हे कानामागं लपवल्यासारखं आहे."

आपण 'कानामागं' का म्हणालो, हे सयाजींना त्या वेळी कळलं नाही. शब्द तोंडात आला आणि ते त्याच्यापाशी अडखळून उभे राहिले.

"मी त्या पोराला एकदाही विचारलं नाही," प्रियदर्शिनीबाई म्हणाल्या. "कागद आला, मला सुटल्यासारखं झालं. त्यानं तीन वर्षांत एक थेंब सांडला नव्हता."

४

फाटकावर दाढीवाला सोमा वॉचमन होता. दाराशी काय काय काढून घेतलं, हे तो फुशारकीनं सांगू लागला.

"टोकदार, धातूचं काय पण आत न्यायचं नाय. बांगड्या, आकडे, पिना. बायकांनी माझ्या ताटलीत सोनाराचं दुकान मांडलंनी. जाताना ज्याचं त्याला परत. एक पिन तेवढी उरली."

"कोणाची?"

"काय म्हाईत. एक म्हातारी व्हती, हात पदरात घेऊन भाईर पडली ती सरळ चालू लागली. मी बोंबललो, आजी, पिन, तर वळून बघितलंन नाय. मंग ठेवली माझ्याकडं. उपेगी पडते." सोमा एकदम ओशाळला. "पर साहेब, ती पिन बेकार हाय. जेवल्यावर जरा दात कोरले, तर दुसऱ्या दिवशी व्हट असा सुजला! पोरं म्हणाली, सोमाभाऊला बायकोनं हाणलान. फोड आलं, पाणी सुटलं. मालकीणबायनी सांगितलं, हितंतिथं जाऊ नको, सरळ दवाखान्यात जा."

"पिन कुठं आहे?"

ती कॅलेंडरात टोचून ठेवलेली होती. साधी लुगड्याला लावायची पिन. टोक काळं. वार्निश चढवल्यासारखं चकचकीत, कडक काळं.

सयाजींनी ती रुमालात धरली आणि खुर्ची ओढून खाली बसले. काळा रंग. जिथं लागेल तिथं कातडी उतवणारा. सुकला की लाखेसारखा धरणारा, दोन पदर एकमेकांना चिकटवणारा. आणि कानामागं.

"सोमा, तुला लहानपणी दृष्ट लागली की आई काय करायची?"

"मीठमोहऱ्या... आन बिब्ब्याचा टिपका..." सोमाचा हात आपोआप ओठाकडं गेला. "आयला!"

पंखाचा गुन्हेगार सापडला होता. एक बिब्बा. पिनेनं टोचून तयार करून कनवटीला आणलेला. दाराशी पिन गेली, बिब्बा राहिला, कारण बिब्बा धातूचा नसतो आणि नियमावली लिहिणाऱ्या साहेबांना बिब्बा माहीत नसतो.

आता प्रश्न एकच उरला होता आणि तो सयाजींना अजिबात आवडला नाही. डोळे उघडे ठेवून माणूस खोटी कबुली कोणासाठी देतो? रेश्माच्या बापासाठी नाही. मालकिणीच्या सासूसाठी तर नाहीच.

त्यांनी स्कूटर पोलादपूरच्या दिशेला वळवली.

५

कुडपणचा चढ सयाजींच्या स्कूटरनं रडतखडत पार केला. पठारावर वारा होता. ओंकार घराच्या पडवीत पेंढ्याच्या बांधलेल्या जुड्या, वळ्या, रचत होता. सव्वीस-सत्तावीसचा, बारीक, बोटं लांब. एकेक वळी तो अशी ठेवत होता की कडेला कड लागावी. गोठ्यातल्या गुरांना एवढ्या नीटनेटक्या वैरणीची गरज नव्हती.

"विम्याचे ना?" तो म्हणाला. "कागद दिलाय मी. सही माझीच आहे."

"सही तुझीच आहे. थेंब तुझा नाही."

ओंकार वळी हातात धरून उभा राहिला. सयाजींनी रुमाल उघडून पिन दाखवली. त्यानं ती ओळखली. ओळखली नाही असं दाखवायचा प्रयत्नही केला, पण तो धंदा त्याचा नव्हता.

"हळू बोला," तो म्हणाला. "ती पाण्याला गेलीय."

"तुला कधी कळलं?"

"दसऱ्याला घरी आलो, तेव्हा अंगठा उतला होता तिचा. मी खोबरं उगाळून लावलं. विचारलं, बिब्बा कशाला फोडलास? म्हणाली, असाच. तेव्हा मलाही काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी पंख पेटीत बंद झाला. मग वर तो अडकल्याची बातमी आली. फोटो आला. मला तो डाग बघूनच..." त्यानं वळी खाली ठेवली. "साहेब, तिच्या मनात काय होतं? पोराचं काम आभाळात चाललंय, अर्धी बिरवाडी टकामका बघतेय, कोणाची नजर लागू नये. एवढंच."

"आणि तू नोकरी घालवून बसलास. हा अहवाल गेला की एमआयडीसीत तुला कोणी दारात उभं करणार नाही. फुकट गेलेलं हे कसब कुठं वापरणार? वैरणीत?"

"तिला कळलं ना, की तो पंख तिनं फाडला, तर ती जेवायची नाय." गावची बोली त्याच्या तोंडी पहिल्यांदाच आली. "ती सगळ्या गावाला सांगत फिरते, माझ्या पोराचा पंख वर हाय. त्या बाहेर लोंबकळणाऱ्या माणसाची फीत गावात मोबाईलवर सगळ्यांनी बघितली. ती हात जोडून बसली होती. साहेब, माझं नाव राहू द्या. पाया पडतो."

सयाजींनी आजवर पुष्कळ लबाड माणसं पाहिली होती. स्वतःचं नाव गुन्ह्यात राहू द्या म्हणून पाया पडणारा पहिलाच. अशा माणसासाठी छापील अर्जात रकाना नसतो.

तेवढ्यात मागून आवाज आला. "पावण्यांना च्या दिलास का रे?"

साळूबाई कधीची येऊन उभी होती, ते कोणालाच कळलं नव्हतं. डोक्यावर हंडा, हंड्यातलं पाणी जराही हिंदकळत नव्हतं.

६

"दूध संपलंय. जा, वरच्या घरातनं घेऊन ये," ती म्हणाली.

"मी बिनदुधाचा घेतो," सयाजी म्हणाले.

"तुमचं नाय वं म्हणत मी. जा रे."

ओंकार सयाजींकडे बघत बघत गेला. त्या बघण्यात जितकी विनवणी मावेल तितकी त्यानं कोंबली होती. साळूबाईनं हंडा उतरवला, पदरानं तोंड पुसलं आणि उंबऱ्याला टेकून बसली. सयाजींनी हवापाण्याचं काहीतरी काढलं. तिनं ते ऐकूनच घेतलं नाही.

"त्या वरच्या माणसाचं बोट बरं हाय?"

"काय?"

"पांढऱ्या कापडातला. पातं लागलं त्याला. मी बघितलं. हात असा डोळ्याशी नेलान त्यानं."

"बरं आहे. फक्त मोज्याचा वरचा पदर कापला."

"देवाची किरपा." तिनं सुस्कारा सोडला. "माझ्यापायी नको व्हता मरायला कुणाचा ल्योक."

चौकशीत अशी एक वेळ येते की प्रश्न विचारणं असभ्य ठरतं.

"घडी उघडली तवाच दिसला मला," ती म्हणाली. "पोरांच्या कानामागं जल्मभर लावलाय, मला माझा टिपका कळायचा नाय? पिन त्या दाढीवाल्यानं काढून घेतली. हातमोज्यातनं दृष्ट उतरत नाय, म्हणून मोजा काढला आन अंगठ्यानं दाबला. दिसू नये म्हणून आत लावला. आत लावला म्हणून चिकाटला, नाय का?"

"हो. बाहेर लावला असता तर कदाचित काही झालं नसतं."

हे बोलल्याचा सयाजींना लगेच पश्चात्ताप झाला. ती मात्र नुसती मान हलवत राहिली, जणू आपला हिशेब बरोबर निघाला.

"ओंकारला वाटतं तुम्हाला माहीत नाही."

"वाटू दे. त्याला तेवढं तरी सुख."

"साळूबाई, मग तुम्ही बोलला का नाहीत? तुम्ही एक शब्द बोलला असता तर पोराची नोकरी वाचती."

तिनं पठाराच्या कडेकडे बोट केलं. तिथून खाली रस्ता जातो, रस्त्यानं एसटी जाते, एसटीत बसून सगळं गाव गेलेलं आहे.

"दोन पोरं," ती म्हणाली. "थोरल्याला ममईनं नेला. त्यो शिमग्याला येतो, पालखी बघतो, जातो. ह्याला बिरवाडीनं नेला. महिन्यातनं येकदा यायचा, तो पन झोपायला. त्यो गेल्यापास्नं मी दोन भाकऱ्या थापायची आन येक गायीला घालायची. मंग पंख फाटला आन ह्यो परत आला. रोज समोर बसून जेवतो, साहेब. मी फाडायला नवते गेले. पर फाटल्यावर शिवायला बी नाय गेले."

वाऱ्यानं ओंकारच्या एका रांगेत रचलेल्या वळ्यांतली एक खाली पडली. ती उठली आणि अगदी त्याच्यासारखीच, कडेला कड लावून परत ठेवली.

"रात्री त्यो बोटांनी अंथरुणावर घड्या घालतो झोपेत," ती पाठमोरीच म्हणाली. "ते बघितल्यापास्नं मला भाकर गोड लागत नाय. लिवा, साहेब. नाव लिवा. साळूबाई रामा जाधव, कुडपण."

"अंगठा लागेल."

"त्योच देते. ज्यानं केलान त्यानंच भरावं."

सयाजींनी कागद गुडघ्यावर धरला. तिनं शाईत अंगठा बुडवला आणि दाबला, खंडेनवमीला दाबला असेल तसाच, जीव लावून. अंगठा उचलला तेव्हा कागदावर कडेच्या चार रेषांचं गोल रिंगण उमटलं होतं. मध्ये, बिब्ब्यानं कातडी नेली होती तिथं, कोरी जागा. बोराएवढी.

दूध घेऊन ओंकार पडवीत आला. त्यानं आईचा निळा अंगठा पाहिला. दुधाचा तांब्या त्यानं फार सावकाश खाली ठेवला.

चहा झाला. तिघांनी घेतला.

७

प्रियदर्शिनीबाई स्वतः कुडपणला गेल्या आणि ओंकारला घेऊन आल्या. परदेशी कंपनीनं 'सांस्कृतिक कारणानं झालेलं दूषण' असा नवा रकाना उघडला आणि काम पुन्हा सुरू केलं. कारखान्याच्या दारावरच्या यादीत, पिना आणि मार्करच्या खाली, 'बिब्बा' हा शब्द लागला. ओंकारनं आईला बिरवाडीच्या खोलीवर राहायला बोलावलं. ती म्हणाली, गुरांना कोण बघणार? ओंकार महिन्यातनं दोनदा येतो म्हणाला. ते त्याला पहिल्या महिन्यात जमलं.

सयाजींचा अहवाल सोमवारी गेला. 'कारण' या रकान्यात काय लिहावं यावर ते रविवारभर अडून बसले होते. घाटात ब्रेक, दुकानात पूर, गोदामात शॉर्टसर्किट अशी कारणं लिहिणं सोपं असतं. शेवटी त्यांनी 'परकीय पदार्थ' असं लिहिलं. घरच्या माणसाच्या मायेला यापेक्षा वाईट नाव आजवर कोणी दिलं नसेल.

पंधरवड्यानं मुंबईहून उत्तर आलं. अहवाल मान्य. एक त्रुटी: 'निवेदक महिलेच्या अंगठ्याचा ठसा मध्यभागी अस्पष्ट आहे. कृपया ठसा पुन्हा घेऊन पाठवावा.'

सयाजींनी ते दोनदा वाचलं. त्या अंगठ्याचा ठसा पुन्हा घेतला तरी तसाच येणार आणि शंभरदा घेतला तरी तसाच येणार, हे एका ओळीत कळवता आलं असतं. त्यांनी कागद काढला, पेनही काढलं, मग दोन्ही परत ठेवले.

"अहो, कुठं निघालात?" बायकोनं विचारलं.

"कुडपणला. ठसा नीट आलेला नाही."

"मग आता नीट येणार आहे का?"

"नाही," स्कूटरला किक मारत सयाजी म्हणाले. "येताना उशीर होईल. जेवूनच येईन तिकडून. दोन भाकऱ्या थापते ती."